‘हशे’चं इंग्रजी

स्नेहलता फणसे यांना राग लवकर येतो, असं त्यांच्या शाळेत सगळे सांगतात. ते खरं नाही. राग त्यांना आलेलाच असतो, लोकांना तो उशिरा दिसतो. बडोद्याच्या निजामपुऱ्यातल्या एका खासगी शाळेत त्या नववी-दहावीला इंग्रजी शिकवतात. निवृत्तीला एक वर्ष उरलंय. आयुष्यभराचा बराचसा राग त्यांनी व्याकरणावर खर्च केला, म्हणून घरी मुकुंदराव सुखात राहिले. मुकुंदराव म्हणजे त्यांचे यजमान. रेल्वेतून निवृत्त झालेले आणि अकोट्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत गाड्यांचं टाइमटेबल आठवत बसणारे.

फणसे मंडळी बडोद्यात चार पिढ्यांपूर्वी संस्थानच्या दप्तरात कारकुनी करायला आली आणि परत जायचं विसरली. घरातली मराठी त्यांनी जपली. पण काही गुजराती शब्द सून येते तसे दारातून आले आणि थोड्याच दिवसांत चाव्या कमरेला लावून बसले. त्यातला सगळ्यात अधिकार गाजवणारा शब्द म्हणजे ‘हशे’.

गुजरातीत ‘हशे’ म्हणजे ‘असेल’. पण तोच शब्द जरा सुस्कारा टाकून म्हटला की ‘असू दे, सोडा’. फणशांनी हा दुसरा अर्थ घरात घेतला. दूध उतू गेलं, हशे. गॅसवाला आला नाही, हशे. पुण्याची नणंद एकदा वैतागून म्हणाली होती, “वहिनी, तुमच्याकडे कुणी वर गेलं तरी तुम्ही हशेच म्हणाल.” त्यावर मुकुंदराव “हशे” म्हणाले होते.

घरात असा सैलसर शब्द नांदवणाऱ्या बाई शाळेत मात्र उलट होत्या. त्यांचा आवडता धडा होता पुराव्यावरून अनुमान इंग्रजीत कसं सांगायचं हा. इतर शिक्षक तो एका तासात उरकतात. बाई त्यावर आठवडा घालवत. पुरावा भक्कम असेल तर ‘मस्ट हॅव’. अर्धामुर्धा असेल तर ‘मे हॅव’. उलट बाजूचा असेल तर ‘कान्ट हॅव’. आणि “‘मस्टन्ट हॅव’ लिहिलंत तर मी पुढचं वाचणार नाही”, हे दरवर्षी.

उदाहरणं त्या वर्गातूनच उचलत. पृथ्वीराज नावाच्या मुलाच्या कॉलरवर एकदा त्यांना पिवळी शेव दिसली.

“पृथ्वीराज, यू मस्ट हॅव ईटन सेव-उसळ.”

“नो मिस. कालचं शर्ट आहे.”

“मग आज काय खाल्लंस ते मला माहीत नाही. पण यू कान्ट हॅव वॉश्ड युवर शर्ट.”

वर्ग हसला, पृथ्वीराजही हसला, आणि ‘कान्ट हॅव’ त्या वर्गात पुन्हा कुणी चुकलं नाही.

धड्याच्या शेवटी त्या जे सांगत ते कुठल्या पाठ्यपुस्तकात नव्हतं. “‘मस्ट’ ऐकायला दणकट वाटतो. फसू नका. ज्यानं पाऊस पडताना पाहिला तो सरळ ‘इट रेन्ड’ म्हणतो. ‘इट मस्ट हॅव रेन्ड’ म्हणणारा माणूस तेव्हा घरात झोपला होता. कुणीही ‘मस्ट’ म्हटलं की समजा, हा तिथे नव्हता.”

यंदाच्या वार्षिक परीक्षेत नववीच्या इंग्रजीचा पेपर फुटला. सगळा नाही, पाचवा प्रश्न तेवढा. आदल्या संध्याकाळी मुलांच्या वॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यातली वाक्यं फिरली. प्रश्न अनुमानाचाच होता. पेपर बाईंनी काढला होता.

शाळेनं चौकशी समिती नेमली. समितीत ट्रस्टी किरीटभाई होते. त्यांचं बाथरूमच्या टाइल्सचं मोठं शोरूम आहे. शिक्षणाशी त्यांचा संबंध शाळेच्या संडासांपुरता होता, आणि ते संडास खरोखर उत्तम होते. दुसरे हिंमतराव, शाळेचे मानद सचिव. एका सरकारी कचेरीत जन्मभर इंग्रजी पत्रं लिहून निवृत्त झालेले. आपलं इंग्रजी साहेबाच्या तोंडात मारेल असं त्यांचं मत होतं, आणि साहेब कधीच निघून गेल्यामुळे ते मत तपासून बघायची सोय नव्हती. तिसऱ्या प्राचार्या. त्या कायम फोनवर असत.

किरीटभाईंच्या वातानुकूलित खोलीत बाईंना बोलावलं. छास, म्हणजे ताक, आली.

“बेन, पेपर तमे काढ्यो,” किरीटभाई म्हणाले. “सानवी तमारी सोसायटीमां रहे छे. सानवीने पूरा मार्क. तो?”

हा ‘तो?’, म्हणजे ‘तर मग?’, हेच किरीटभाईंचं सगळं तर्कशास्त्र. ते इथून सुरू व्हायचं आणि इथेच संपायचं.

बाईंनी समजावून सांगितलं. नववीतल्या सानवीला विज्ञानातही पूर्ण मार्क आहेत, विज्ञानाच्या सरांच्या सोसायटीत ती राहत नाही. आपण पेपर हाताने लिहून प्राचार्यांना दिला. त्यांच्या कपाटातून तो ऑफिसात आशयकडे टायपिंगला गेला. तिथून छापायला लहरीपुऱ्यातल्या प्रेसमध्ये गेला. ती प्रेस किरीटभाईंच्या सख्ख्या मेहुण्याची, एवढं एक त्यांनी शिष्टाचार म्हणून सांगितलं नाही.

किरीटभाईंनी मान डोलावली. मग पुन्हा म्हणाले, “पण पेपर तमे काढ्यो. तो?”

बाईंनी पुन्हा सांगितलं. किरीटभाईंनी पुन्हा ‘तो?’ विचारलं. हिंमतराव लिहीत होते, प्राचार्या फोनवर कुणाला तरी ‘येस येस’ म्हणत होत्या. ऐकायचंच नाही असं ठरवून बसलेल्या माणसासमोर किती वेळ बोलायचं, याला मर्यादा असते. शेवटी किरीटभाई उदार होऊन ‘मुद्दाम’वरून ‘चुकून’वर उतरले, “जाणीजोईने नहीं, बेन. भूलथी कोईने बताव्युं हशे.”

“हशे,” म्हणून बाईंनी पर्स उचलली.

फणशांच्या घरात वाढलेल्या कुठल्याही माणसाला त्या ‘हशे’चा अर्थ कळला असता: तुझ्याशी कोण डोकं फोडणार, मी निघते.

दोन दिवसांनी हिंमतराव टाईप केलेला कागद घेऊन स्टाफरूममध्ये आले. “बाई, परवाच्या बैठकीचे मिनिट्स आहेत. आपली फक्त सही.”

बाईंनी वाचलं. इंग्रजीत लिहिलं होतं, ‘मिसेस फणसे अ‍ॅक्सेप्टेड दॅट शी मस्ट हॅव शोन द क्वेश्चन पेपर टू समवन.’ खाली सहीसाठी रेघ.

“हे मी कधी म्हटलं?”

“आपण ‘हशे’ म्हणालात. मी समोर होतो.”

“हिंमतराव, तुम्ही मराठी माणूस. ‘हशे’ म्हणजे जाऊ दे.”

“घरी, बाई. साहेबांनी गुजरातीत विचारलं, आपण गुजरातीत उत्तर दिलंत. गुजरातीत ‘हशे’ म्हणजे असेल.”

“बरं, असेल. असेल म्हणजे ‘मे’. ‘मस्ट’ कुठून आणलात?”

“संदर्भावरून,” हिंमतराव म्हणाले. “आणि ‘मे’ जरा लेचापेचा वाटला. कचेरीच्या लिखाणाला ठामपणा लागतो.”

बाईंना पहिला राग आला तो आरोपाचा. तो कुणालाही आला असता. दुसरा राग खास त्यांचा होता.

“स्वतःच्या करणीबद्दल ‘मस्ट हॅव’ कोण म्हणतं, माहीत आहे? ज्याला काही आठवत नाही तो. रात्री ढोसून सकाळी गाडीचा चेपलेला पत्रा बघणारा माणूस म्हणतो, आय मस्ट हॅव हिट समथिंग. हिंमतराव, गुजरातेत दारूबंदी आहे आणि मी छास प्यायले होते.”

“बाई, आपण फार खोलात जाता.”

“मी नववीपर्यंतच जाते.”

हिंमतरावांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि आवाज उतरवला. सोमवारी पालकसभा आहे. कुणीतरी जबाबदार आहे हे पालकांना सांगावं लागेल. बाईंनी सही केली तर सौम्य शब्दांत एक ताकीद मिळेल, वर्षभरात निवृत्ती, कुणाला आठवणारही नाही. सही केली नाही, तर हेच वाक्य सभेत वाचून दाखवायचं असं किरीटभाईंचं मत आहे.

“म्हणजे सही केली तर मी पेपर फोडला, आणि नाही केली तरी मी पेपर फोडला.”

“तिसरा मार्ग आहे,” हिंमतराव दाराकडे बघत म्हणाले. “दुसरं कुणी असेल तर आपण तसं सांगावं. आशय घ्या. कंत्राटी पोरगा. पेपर त्याच्या कम्प्युटरात होता. परवाच नवा फोन घेतलाय. आपल्यासारख्या जुन्या शिक्षिकेनं म्हटलं, की त्यानं दिला असणार, तर समिती विचार करील.”

त्या दिवशी विश्वामित्रीच्या पुलावरून स्कूटर घरी नेताना बाईंनी एका रिक्षावाल्याला, दोन म्हशींना आणि एका गतिरोधकाला शिव्या घातल्या. मराठीत, कारण शिव्यांच्या बाबतीत त्यांनी प्रमाणभाषा सोडलेली नाही.

जेवताना त्यांनी सगळं मुकुंदरावांना सांगितलं. सांगता सांगता त्यांनाच एक एक सुचत गेलं.

“ग्रुपवर फिरली ती वाक्यं टाईप केलेली होती. माझा कागद हाताने लिहिलेला. टाईप कुणी केलं, आशयनं. त्याचा भाचा नववीतच आहे. आणि हिंमतराव म्हणत होते नवा फोन. अहो, आशयनंच दिला असणार.”

“हशे,” मुकुंदराव भातावर कढी घेत म्हणाले.

बाईंचा घास हातात राहिला. ‘असणार’ हा शब्द आपल्याच तोंडून निघालाय हे त्यांना कानांनी कळलं. त्यात त्यांना जे वाटलं ते सांगायला हरकत नाही: फार बरं वाटलं होतं. दिवसभराचा राग एका पोराच्या डोक्यावर ठेवायला जागा मिळाली होती. त्या जागेची लांबी-रुंदी आता त्या मोजू लागल्या. वाक्यं टाईप केलेली होती, पण वॉट्सअ‍ॅपवर कोण हाताने लिहून पाठवतं? भाचा नववीत होता, पण नववीत इतरांचेही भाचे होते. आणि फोन. फोन नवा आहे म्हणून पेपर फोडला, हे त्यांच्या वर्गात पृथ्वीराजही म्हणाला नसता.

“मी किरीटभाई झाले,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“काही नाही. ‘तो?’ म्हणायचं तेवढं राहिलं होतं.”

मुकुंदरावांना संवादाची गाडी कुठल्या स्टेशनावर आहे ते कळेना. “मग कुणी फोडला?”

“मला माहीत नाही.”

“मग तसं सांग.”

“ते कुणाला नकोय. सगळ्यांना नाव पाहिजे. कुणाचंही चालेल, पण इंग्रजीत पाहिजे.”

मुकुंदरावांनी भात कालवला. “स्नेहल, मी काय म्हणतो, एक वर्ष तर राहिलंय. कर सही. कोण लक्षात ठेवतंय. हशे.”

बाईंनी कढीचं पातेलं इतकं शांतपणे खाली ठेवलं की मुकुंदराव खुर्चीत मागे सरकले.

“या घरात तो शब्द आजपासून बंद.”

“मग मी काय म्हणू?”

“पूर्ण वाक्य म्हणा. कर्ता, कर्म, क्रियापद. जमत नसेल तर गप्प बसा.”

मुकुंदरावांनी दुसरा पर्याय निवडला.

सोमवारी सकाळी पुन्हा तीच खोली, तीच छास. बाईंनी छासला हात लावला नाही. किरीटभाई मात्र प्रसन्न होते. त्यांना तोडगा सापडला होता.

“बेन, हिंमतरावे कह्युं के तमने ‘मस्ट’नो वांधो छे. तो आपणे ‘मे’ करी नाख्युं. तमे व्याकरणवाळा माणस, तमारुं मान राख्युं.”

हिंमतरावांनी नवा कागद पुढे सरकवला. ‘मस्ट’ गेला होता, तिथे ‘मे’ आला होता. बाकी सगळं तेच, सहीची रेघसुद्धा.

बाईंनी वाचलं. “आता वाक्य बरोबर आहे.”

प्राचार्यांनी फोन उलटा ठेवला. हिंमतरावांनी पेनाचं टोपण काढून पेन बाईंच्या दिशेने फिरवलं.

“पण अपुरं आहे,” बाई म्हणाल्या. “‘मे हॅव’ म्हणजे शक्यता. मग ज्यांची ज्यांची शक्यता आहे ती सगळी नावं एका ओळीत घ्या. मिसेस फणसे मे हॅव. आशय मे हॅव, टाईप त्यानं केलं. प्राचार्या मॅडम मे हॅव, कपाटाची चावी त्यांच्याकडे.”

“फणसेबेन,” प्राचार्या म्हणाल्या. एवढ्या दिवसांत त्यांनी फोनबाहेर उच्चारलेला पहिला शब्द.

“हिंमतराव मे हॅव. पाकीट लहरीपुऱ्याला तुमच्या डिकीतून गेलं.”

“मी?” हिंमतरावांचा आवाज चिरकला. “बाई, माझ्या तीन पिढ्या या शहरात इमानानं—”

“‘मे’ म्हटलंय, हिंमतराव, ‘मस्ट’ नाही. फार लेचापेचा शब्द आहे, तुम्हीच म्हणालात. माझ्या नावापुढे चालतो, तर तुमच्या नावापुढे काय होतंय?”

किरीटभाई आता हसत नव्हते. बाई त्यांच्याकडे वळल्या, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्याशी गुजरातीत बोलल्या. त्यांचं गुजराती चांगलं आहे. या शहरात जन्मलेल्या माणसाचं असतं तसं, घरच्यासारखं.

“अने किरीटभाई, छेल्ले पेपर तमारा साळानी प्रेसमां हतो. त्यां पण कोईए जोयुं हशे ने?”

मेहुण्याच्या प्रेसमध्येही कुणी पेपर पाहिला असेल, हे ऐकून किरीटभाईंनी डोळे मिटून हात झाडला, माशी हाकलावी तसा. “हशे, बेन, हशे. हवे जवा दो ने.”

“हिंमतराव, लिहा.”

“काय लिहू?”

“मिस्टर किरीटभाई अ‍ॅक्सेप्टेड दॅट हिज ब्रदर-इन-लॉज प्रेस मस्ट हॅव लीक्ड द पेपर.”

किरीटभाईंचे मिटलेले डोळे उघडले.

“में एवुं क्यारे कह्युं?” किरीटभाई अर्धे उठले. “हशे एटले... हशे एटले जवा दो. आखुं गुजरात बोले छे.”

“गुजरातीत? गेल्या वेळेपर्यंत गुजरातीत ‘हशे’ म्हणजे ‘मस्ट’ होतं. हिंमतरावांना विचारा. त्यांनी संदर्भावरून काढलं. आजचा संदर्भ तर जास्त चांगला आहे, तुम्ही दोनदा म्हणालात.”

हिंमतराव पेनाच्या टोपणाकडे पाहत होते. ते टोपण कुठल्या बाजूने बसतं हे त्यांना आठवेनासं झालं असावं. ‘असावं’च म्हणायला हवं, त्यांच्या डोक्यात कुणी डोकावलं नव्हतं.

“बेन, तमे शुं चाहो छो?” किरीटभाईंनी शेवटी विचारलं. आवाज खाली आला होता, पण मऊ झाला नव्हता.

“मला माहीत नाही पेपर कुणी फोडला. तुम्हालाही माहीत नाही. ते लिहा. संध्याकाळच्या सभेत तेच वाचा. मी सही करते.”

बरीच कुजबुज झाली. अर्ध्या तासाने हिंमतरावांनी तिसरा कागद आणला. त्यावर लिहिलं होतं, ‘द कमिटी कुड नॉट एबल टू कन्क्लूड.’ बाईंनी पर्समधून लाल पेन काढलं, ‘एबल टू’ खोडलं, आणि मग निळ्या पेनानं सही केली.

इथे गोष्ट संपली असती तर बाईंचा विजय झाला असं म्हणता आलं असतं. संध्याकाळी पालकसभेत किरीटभाईंनी ते वाक्य वाचलं खरं, पण असं की ऐकणाऱ्याला वाटावं, शाळेनं एका म्हाताऱ्या बाईंवर दया केली. वाचून झाल्यावर त्यांनी कागदावरून मान वर केली आणि एक सुस्कारा टाकला. तो कागदावर नव्हता, त्यामुळे त्यावर लाल पेन चालवता आलं नाही. नवीन वर्षी पेपर काढायचं काम बाईंकडून काढून घेतलं. भार हलका करायला, असं प्राचार्या म्हणाल्या. छपाई लहरीपुऱ्यातच होते. आशयला यातलं काही ठाऊक नाही. तो बाईंना रोज ‘केम छो टीचर’ म्हणतो, आणि बाईंना दर वेळी अर्ध्या क्षणाचा राग येतो. त्याचा नाही, त्या कढीभाताच्या रात्रीचा.

मुकुंदराव अजून पूर्ण वाक्यं बोलण्याचा सराव करताहेत. परवा त्यांच्या हातून बरणी फुटली, लोणचं फरशीभर झालं. ते बराच वेळ कर्ता शोधत उभे राहिले.

जूनमध्ये शाळा उघडली. बाईंना दहावीचा वर्ग मिळाला, म्हणजे मागच्या वर्षीचीच मुलं. पहिल्याच आठवड्यात उजळणीला त्यांनी फळ्यावर ‘मस्ट हॅव’, ‘मे हॅव’, ‘कान्ट हॅव’ लिहिलं आणि उदाहरणं मागितली.

पृथ्वीराजनं हात वर केला. शर्ट धुतलेला होता.

“मिस, मम्मीलोक म्हणतात नववीचा पेपर तुम्ही फोडला.”

सानवीनं वहीत डोकं घातलं. बाईंनी खडू फळीवर ठेवला. चेहरा लाल झाला होता, आवाज मात्र नेहमीचा होता.

“नीट सांग. काय म्हणतात? ‘मस्ट हॅव’ की ‘मे हॅव’?”

पृथ्वीराजनं प्रामाणिकपणे विचार केला.

“ते कसं कळणार, मिस? मम्मीलोक तर गुजरातीत बोलतात.”